पंक्तिप्रपंच : एका साक्षगंधाच्या जेवणाचं प्रकरण

मे महिन्याच्या सुरुवातीला नागपूरच्या नंदनवनातल्या एका घरून फोन आला. या घरची कुत्री-मांजरं मी वर्षानुवर्षं तपासत आलो आहे. मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, सोळा दिवसांवर आलं होतं. हॉल ठरला होता, आचारी ठरला होता, आणि जेवणाच्या कागदावरून घरात अबोला सुरू होता. "डॉक्टर, तुम्ही येऊन सांगा जी, पोरगी अडून बसली आहे," मुलीचे वडील म्हणाले. पुढे जे घडलं ते घरच्यांच्या परवानगीने, नावं काढून, इथे सविस्तर लिहितो आहे. असाच पेच मला आता दर लग्नसराईत कुठे ना कुठे भेटतो.

आचाऱ्याने लिहून दिलेला कागद असा होता. पाहुणे 250, त्यातले मांसाहार करणारे 220. सगळ्यांसाठी ब्रॉयलर कोंबडी 70 किलो आणि मटण 23 किलो. मुलाकडच्या 40 खास पाहुण्यांसाठी हॉलच्या कोपऱ्यात वेगळं काउंटर, त्यावर 10 कडकनाथ, 60 बटेर आणि 4 करडांचं 'रान', म्हणजे अख्खी मांडी मसाल्यात मुरवून भाजलेली. करडं दोन महिन्यांची, आईच्या दुधावरची. मांस लोण्यासारखं सुटावं म्हणून मुद्दाम तेवढ्याच वयाची मागवलेली. व्यापाऱ्याला 2000 रुपये इसारही देऊन झाला होता.

काउंटरची कल्पना मुलीच्या थोरल्या भावाची. तो जर्मनीत नोकरीला आहे आणि बहिणीच्या साक्षगंधात काही कमी पडू द्यायचं नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. मुलगी म्हणत होती, "दुधावरचं पिल्लू माझ्या साक्षगंधात कापायचं नाही." भावाचं उत्तर तयार होतं : "मग मटण कसं चालतं तुला? तोही बोकडच ना?" वडिलांना व्याह्यांचा मान सांभाळायचा होता. आई स्वयंपाकघराच्या दारातून एकदाच बोलली, आणि कोणी फारसं लक्ष दिलं नाही : "एका हॉलमध्ये दोन पंगती वाढायच्या नाहीत. पंक्तिप्रपंच म्हणतात त्याला."

मी तो शब्द कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतला. आईला पाहुण्यांमधला दुजाभाव खटकत होता. मला त्याच कागदावर जनावरांमधला दुजाभाव दिसत होता. हिशेब केला तर 50 कोंबड्या, 2 बोकड, 10 कडकनाथ, 60 बटेर, 4 करडं, मिळून 126 जीव. भांडण चाललं होतं ते चारांवरून. उरलेल्या 122 बद्दल घरात कोणी एक शब्द काढला नव्हता.

आधी फ्वा ग्राची गोष्ट सांगून टाकतो, कारण भावाची पहिली सूचना तीच होती. बदकाच्या किंवा हंसाच्या घशात नळी घालून, शेवटचे दोनेक आठवडे रोज ठरल्या वेळी मका कोंबतात. यकृतात चरबी साठून ते सहा ते दहा पट फुगतं, आणि ते फुगलेलं यकृत म्हणजे ही महागडी डिश. भारताने जुलै 2014 मध्ये तिची आयातच बंद केली, त्यामुळे आचाऱ्याने हात वर केले होते. भाऊ राहतो त्या जर्मनीत असं यकृत तयार करायला बंदी आहे, पण दुकानात विकत मिळतं. शेजारच्या फ्रान्सने 2006 मध्ये कायदा करून त्याला आपला सांस्कृतिक वारसा ठरवलं. वारसा म्हटलं की प्रश्न विचारायचा नाही, ही सवय आपल्याकडेही आहे, म्हणून हे सांगितलं. भावाने ती गोष्ट हसून सोडली होती. मला मात्र एवढं दिसलं की जे ताटात येणारच नव्हतं, ते सोडून देताना कोणाला काही त्रास झाला नाही.

करडांच्या बाबतीत मुलीचं मन बरोबर होतं आणि कायदाही तिच्या बाजूने होता. कत्तलखान्यांसाठीच्या 2001 च्या केंद्रीय नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की तीन महिन्यांच्या आतलं जनावर कापायचं नाही, गाभण जनावर कापायचं नाही, आणि जिचं पिल्लू तीन महिन्यांच्या आतलं आहे अशी मादीही कापायची नाही. कापण्याआधी पशुवैद्यकाचा दाखला लागतो. दोन महिन्यांच्या करडाला तो दाखला कोणी सही करून देऊ शकत नाही, मी तर नाहीच. हे सांगितल्यावर वडील लगेच म्हणाले, "मग झालं, करडं काढा." त्यांच्या दृष्टीने प्रकरण मिटलं होतं.

भावाचा प्रश्न मात्र तसाच राहिला होता, आणि तो खरा प्रश्न होता. दोन महिन्यांचं करडू नको म्हणताना आपण नेमकं काय नको म्हणतो? वय कमी म्हणून? मग बटेर पाच-सहा आठवड्यांची असते आणि ब्रॉयलर सुमारे चाळीस दिवसांचा. कागदावरचे 110 जीव त्या करडांपेक्षाही लहान होते. करडाचे डोळे मोठे, ते आईमागे बें बें करत फिरतं, म्हणून आपला जीव कळवळतो. कळवळायलाच हवा. पण ज्या पिल्लाने आई कधी पाहिलीच नाही, जे यंत्रात उबवून खोक्यातून शेडवर आलं, त्याच्यासाठी कळवळायला आपल्याकडे चित्रच नसतं. ते चित्र दाखवावं म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाऊ-बहीण दोघांना उमरेड रोडला घेऊन गेलो.

शेडवर

ओळखीचा शेतकरी आहे. 5000 पक्ष्यांची शेड. त्या दिवशी पक्षी चौतीस दिवसांचे होते आणि बाहेर पारा 44 च्या पुढे. पत्र्यावर ओलं गोणपाट टाकलेलं, वर पाण्याचा पाइप, आत फॉगरची फुरफुर. तरी दारातच अमोनियाने डोळ्यांत पाणी आलं. पक्ष्यांच्या चोची उघड्या, पंख अंगापासून सुटे केलेले, छाती लोहाराच्या भात्यासारखी हलत होती. कोंबडीला घाम येत नाही. तिला उष्णता बाहेर टाकायला मुख्यतः तो धापणारा श्वासच असतो.

शेतकऱ्याने एक पक्षी उचलून उलटा न करता हातावर घेतला. मी त्याच्या पायाचा घोटा भावाला दाखवला. मागच्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढा तपकिरी-काळा डाग होता, कडा कोरड्या, मध्ये कातडी फाटलेली. ओल्या तुसावर बसून बसून अमोनियाने कातडी अशी भाजते. बसतो का, तर उभं राहवत नाही म्हणून. शेडवर येतो तेव्हा हा पक्षी 40 ग्रॅमचा असतो आणि चाळीस दिवसांत दोन किलोच्या पुढे जातो. पन्नास पट. मांस वाढावं म्हणून पिढ्यान् पिढ्या निवड केली, हाडं आणि हृदय त्या वेगाला पुरे पडत नाहीत. शेवटच्या आठवड्यात बरेच पक्षी खाणं-पिणं सोडलं तर बसूनच असतात. काहींच्या पोटात पाणी होतं. काही उताणे पडून जातात. शवविच्छेदन मी कित्येक केली आहेत. एवढ्याशा जिवाचं फुगलेलं हृदय हातात घेतलं की प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

"परवा लाइट गेली होती साहेब," शेतकरी म्हणाला. "तासाभरात ऐंशी पक्षी गेले. उन्हाळ्यात आम्ही तर झोपतच नाही." त्याचा व्यवहार कराराचा आहे. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी, मजुरी याची. पक्षी उचलले की वजनावर किलोमागे ठरलेले पैसे मिळतात, मर वाढली की त्यातून कापले जातात. पक्षी कोणत्या जातीचा आणायचा, किती दाटीने ठेवायचा, कोणत्या दिवशी उचलायचा, यातलं काहीच त्याच्या हातात नाही. मला त्याचा राग कधी आला नाही. चिकनचा दर चार रुपयांनी वाढला की बाजारात कुरकुर करणाऱ्या आपणा सगळ्यांचा हात त्या शेडच्या पत्र्यावर आहे.

निघताना भाऊ शेडच्या मागे कडुलिंबाखाली थांबला. तिथे घरच्या सहा गावरान कोंबड्या होत्या. मातीत खळगा करून एक कोंबडी अंगावर धूळ उडवत लोळत होती, पंख पसरून, एक डोळा मिटून. धुळीने अंघोळ करणं ही कोंबडीच्या जातीची गरज आहे, पिसं त्यानेच साफ राहतात. "या पण विकता का?" भावाने विचारलं. शेतकरी म्हणाला, "नाही जी. या घरी खायला."

परतताना गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

उरलेली नावं

बटेरचं त्या रात्री मी फोनवर सांगितलं. रानातला लावा, तितर यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे, म्हणून हॉटेलात मिळते ती पाळीव जपानी बटेर. ती बहुतेक ठिकाणी मजल्यांच्या पिंजऱ्यात असते. दचकली की सरळ वर उडी मारणं हा तिचा स्वभाव, आणि वर पिंजऱ्याची जाळी. डोकं फुटलेल्या बटेर माझ्या टेबलावर आल्या आहेत. शिवाय 60 बटेर मिळून मांस होतं आठ किलो. आठ किलोसाठी साठ जीव, आणि एका बोकडाचे बारा किलो. जीव मोजूनच सगळं ठरतं असं मी म्हणणार नाही, पण मोजायचेच नाहीत, हे तर मुळीच पटत नाही.

कडकनाथबद्दल भावाला खात्री होती : एवढी महाग, म्हणजे चांगलीच वाढवलेली असणार. ही झाबुआ-अलीराजपूरकडची कोंबडी, तिथल्या भिल्ल घरांच्या अंगणातली. 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं. कातडी, हाडं, मांस काळं असतं ते रंगद्रव्यामुळे. मोकळी सोडलेली कडकनाथ खरोखर छान जगते, चपळ असते, वाढायला चार-पाच महिने घेते. पण मागणी आली तशी तीही बंद शेडमध्ये गेली. काळा रंग जातीमुळे येतो, अंगणामुळे नाही, त्यामुळे ताटात पाहून काहीच कळत नाही. 'गावरान' या शब्दाचंही तेच झालं आहे : दुकानातली बरीचशी 'गावरान' म्हणजे शेडमध्ये वाढवलेली रंगीत संकरित कोंबडी. आचाऱ्याला विचारलं, या दहा कडकनाथ कुठल्या? तो म्हणाला, "व्यापारी आणते साहेब, आम्ही नाही पाहत." हे उत्तर मला पुरेसं होतं.

वडिलांनी तोडगा सुचवला : कोंबडी काढून अंडाकरी करू, कोणाला मारायला नको. चांगल्या मनाने सुचवलेला होता, पण बाजारातली बहुतेक अंडी तारेच्या पिंजऱ्यातून येतात. तिथे एका कोंबडीच्या वाट्याला कार्यालयात वापरतो त्या ए-फोर कागदाएवढीही जागा येत नाही. पंख पसरता येत नाही, धूळ तर नाहीच, आणि हे वर्ष-सव्वा वर्ष. तिच्या जातीचे नर बहुधा अंड्यातून निघाले त्याच दिवशी मारले जातात, कारण ते अंडी देत नाहीत आणि मांसही धरत नाहीत. मी ब्रॉयलरच्या चाळीस दिवसांपेक्षा ते दिवस वाईट मानतो. घरातले सगळे या ठिकाणी थोडे वैतागले. "मग खायचं काय, डॉक्टर?" वडिलांचा आवाज चढला, आणि ते स्वाभाविक होतं.

मी पुढे ठेवलेली मोजपट्टी माझी स्वतःची नाही. इंग्लंडमध्ये 1965 साली ब्रॅम्बेल समितीने शेतीतल्या जनावरांसाठी किमान मागणं मांडलं : वळता यावं, उठता-बसता यावं, हातपाय ताणता यावेत, अंग साफ करता यावं. त्यातून पुढे पाच स्वातंत्र्यं ठरली : भूक-तहानेपासून, अवघडलेपणापासून, वेदना-आजारापासून, भीतीपासून मुक्ती, आणि स्वभावाप्रमाणे वागायची मोकळीक. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या जल्लीकट्टू निकालात त्यांचा आधार घेतला. युरोपात कोवळ्या वासराचं पांढरट मांस खातात. त्यासाठी वासरू अंगाएवढ्याच लाकडी खोक्यात ठेवायचे, लोह कमी मिळेल असं दूध पाजायचे. ब्रिटनने ते खोके 1990 मध्ये आणि युरोपीय संघाने 2007 पासून बंद केले. त्यांनी डिशला हात लावला नाही, दिवसांना लावला. मलाही घरच्यांना तेवढंच सांगायचं होतं. मांस शाही की साधं, करडू गोजिरवाणं की कोंबडी गलेलठ्ठ, हे बाजूला ठेवा आणि कागदावरच्या प्रत्येक जिवाने आपले दिवस कसे काढले ते विचारा. पंक्तिप्रपंच करायचा नाही, तर इथेही करायचा नाही.

त्या बैठकीत सगळ्यात वजनदार हरकत मोठ्या काकांनी घेतली. ते गिरणीत नोकरी करून निवृत्त झाले आहेत. "आमच्या लहानपणी कोंबडी दिवाळसणाला भेटे," ते म्हणाले. "आज मजूर माणूस रविवारी अर्धा किलो नेते, ते या ब्रॉयलरनं. तुमची गावरान त्याले परवडते का? चांगलं जगलेलं जनावर खाणं हे बी मोठ्या लोकायचंच होऊन राहिलं." यावर माझ्याकडे खोडून काढणारं उत्तर नव्हतं आणि आजही नाही. जनावराला नीट वाढवणं हीच बाजारात चैनीची वस्तू झाली आहे, आणि ते मला करडाच्या रानापेक्षा जास्त टोचतं. पण एवढं मी काकांना म्हणालो : मजुराच्या रविवारचं तो पाहील. हे साक्षगंध आहे, माणशी अर्धा किलोच्या वर मांस मांडलं आहे, आणि निम्मं पत्रावळीत टाकलं जाणार हे आपणा सगळ्यांना माहीत आहे. गरिबाची गरज पुढे करून आपली हौस तिच्यामागे लपवू नये. काका थोडं थांबून म्हणाले, "हे मान्य."

ठरलं ते असं

तोडगा काकांकडूनच निघाला. सावजी घरातले ते. हातमागावरच्या कष्टाच्या पोटाला थोडं मटण आणि भरपूर रस्सा हीच त्यांच्या स्वयंपाकाची रीत. खसखस, खोबरं, दगडफूल भाजून वाटलेला काळपट मसाला, वर तर्री, आणि वाटीत चार फोडी. "पहिले मटण कमी राहे, म्हणून रस्सा असा झाला," ते म्हणाले. मग सगळ्यांना एकच पंगत, एकच मेनू : सावजी मटण, पाटोडीचा रस्सा, सांबारवडी, वडाभात, शेवटी संत्रा बर्फी. कोंबडी नाही, बटेर नाही, कडकनाथ नाही, वेगळं काउंटर नाही.

बोकड काटोलकडच्या एका शेळीपाळाकडून थेट घेतले. त्याच्या कळपाला जंताचं औषध मीच देतो, त्यामुळे कळप पाहिलेला होता. आपल्या भागातली बेरारी जात, तपकिरी अंग, शिंगापासून नाकपुडीपर्यंत चेहऱ्यावर पट्टे. दिवसभर पडीत रानात, बांधावर, बाभळीच्या शेंगा खात फिरलेले, अकरा-बारा महिन्यांचे चार बोकड. प्रत्येकी 12 किलो मटण, म्हणजे 48 किलो, माणशी पाव किलोला थोडं कमी. आधीच्या कागदाचा मांसाचा खर्च 67 हजारांच्या घरात जात होता. हे बोकड 10,400 प्रमाणे 41,600 रुपयांत आले. वडिलांना हा आकडा माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त पटला, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

आता जे बिघडलं ते. आमचं ठरलं होतं की चौघांना पहाटे गारव्यात, टेम्पोत खाली पेंढा टाकून, पाणी पाजून आणायचं. तीन तसे आले. चौथा बोकड टेम्पो सुटल्यावर मागे राहिला म्हणून कोणीतरी तो मोटरसायकलवर आडवा टाकून, पुढचे-मागचे पाय सुतळीने बांधून, पन्नासेक किलोमीटर आणला. मी पोहोचलो तेव्हा तो सोडलेला होता पण उभा राहत नव्हता. पुढच्या पायाला सुतळीचा ओला वळ होता आणि तोंडातून फेस येत होता. वर्षभर तो चांगला जगला आणि शेवटचे दोन तास असे गेले. परवान्याच्या कत्तलखान्यात एकासमोर दुसरा कापायचा नाही हा नियम पाळला जावा म्हणून मी तिथे उभा राहिलो, तो पाळला गेला. पण मोटरसायकलची जबाबदारी माझी होती. गाडी किती बोकडांची ते मी स्वतः विचारायला हवं होतं. आणखी एक गोष्ट लपवून ठेवणं बरं नाही. हे बोकड लहानपणी खस्सी केलेले होते आणि तेव्हा भूल दिलेली नव्हती. आपल्याकडे सहसा कोणी देत नाही. तेव्हापासून या कळपात मी भूल देऊन करतो. पैसे कमी घेतो, पण करतो.

जेवण चांगलं झालं. व्याह्यांनी वेगळं काउंटर कुठे आहे असं विचारलं नाही, पाटोडीचा रस्सा दोनदा मागितला. मुलाच्या आजीबाईंनी मुलीच्या आईचा हात धरून "सगळ्यायले सारखं वाढलं" एवढंच म्हटलं. माउली तिथेच रडली. मटण चार-पाच किलोच उरलं आणि रात्रीच कामाच्या माणसांना बांधून दिलं. एक गोष्ट पुढची आहे. पंधरवड्याने त्याच घरात रविवारी ब्रॉयलर आला. वडिलांनी मला स्वतःहून फोन करून सांगितलं, चोरून नाही. मुलगी ते खात नाही. भाऊ जायच्या आधी माझ्याकडे आला होता. तिकडे अंड्यावर कोंबडी कशी ठेवली त्याचा आकडा छापलेला असतो, तो कधी वाचला नव्हता म्हणाला.

करडांचा व्यापारी इसार परत द्यायला तयार नव्हता, आणि तो त्याचा हक्क होता. मुलीला राहवेना म्हणून साक्षगंधानंतर आठ दिवसांनी तिने माझ्यासमोर त्याला फोन लावला. "दोन गेली ताई, दुसऱ्याच्या कार्यक्रमात," तो म्हणाला. "दोन आहेत अजून, आईजवळच. पाठवू का?" तिने नको म्हणून फोन ठेवला आणि मला विचारलं, त्यांना तीन महिने पूर्ण व्हायला किती दिवस आहेत. मी बोटांवर मोजून सांगितलं, सहा-सात.